तासाभराचा रहस्यपट: प्रत निवडण्यापासून खुनी ओळखण्यापर्यंत

१९३० आणि ४०च्या दशकांत अमेरिकेतल्या बऱ्याच थिएटरांत एका तिकिटात दोन सिनेमे दाखवत. एक मोठ्या नटांचा, त्याच्या गल्ल्यात स्टुडिओचा टक्का असे. जोडीला दुसरा छोटा, त्याला 'बी' पिक्चर म्हणत. त्याचं भाडं ठोक ठरलेलं असे. थिएटर भरो की ओस पडो, स्टुडिओच्या हाती तेवढेच पैसे. कमाई आधीच ठरलेली म्हटल्यावर खर्चही आधीच आवळलेला: लांबी ५५ ते ७५ मिनिटं, सेट दुसऱ्या कुठल्या सिनेमासाठी उभारलेला, शूटिंग दोन-तीन आठवड्यांत उरकलेलं. विषय बरेचदा खून, कारण खुनाला भांडवल कमी लागतं. एक बंगला, आठ माणसं, एक प्रेत आणि बाहेर वादळ, एवढ्यावर भागतं.

आज हे सिनेमे लावणारे अनेक जण पंधराव्या मिनिटाला बंद करतात. तक्रारी ठरलेल्या असतात. सगळा अंधारच आहे, बोलणं कळत नाही, मध्येच तुटल्यासारखं वाटतं, आणि कोण कुणाचा कोण ते समजत नाही. यातल्या पहिल्या तीन तक्रारी सिनेमापेक्षा हातातली प्रत आणि समोरचा टीव्ही यांच्याच जास्त असतात. चौथीचा इलाज कागद-पेन्सिल.

कुठून सुरुवात करावी

काळाच्या क्रमाने बघायला बसू नका. १९२९ ते ३२चे बोलपट फार संथ आहेत. मायक्रोफोनच्या धाकाने नट एका जागी खिळलेले, पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, वाक्यावाक्यांत मोठे थांबे. सवय झाली की त्यातही गंमत येते, पण श्रीगणेशा तिथून नको. मोनोग्राम, चेस्टरफील्ड, पीआरसी असल्या अगदी गरीब कंपन्यांचे सिनेमेही थोडे मागे ठेवा. हॉलिवूडमध्ये या कंपन्यांच्या वस्तीला 'पॉव्हर्टी रो' म्हणत. आधी मोठ्या स्टुडिओंच्या स्वस्त विभागात बनलेले बघा. तिथे पैसा कमी असला तरी कॅमेरामन, सेट आणि छोट्या भूमिकांतले नट मुरलेले असत.

पहिल्या महिन्यासाठी असा क्रम लावता येईल. 'टेरर बाय नाइट' (१९४६, ६० मिनिटं): बेसिल रॅथबोनचा शेरलॉक होम्स, लंडनहून एडिंबरोला निघालेली रात्रीची गाडी, एक हिरा. सगळं डब्यांत आणि कॉरिडॉरमध्ये घडतं, त्यामुळे कोण कुठे आहे हे आपोआप ध्यानात राहतं. मग 'चार्ली चॅन ॲट द ऑपेरा' (१९३६), ज्यात चॅन या चिनी वंशाच्या डिटेक्टिव्हचं काम करणाऱ्या वॉर्नर ओलंडसमोर बोरिस कार्लोफ आहे. त्यातल्या ऑपेराचं संगीत ऑस्कर लेव्हंटने खास या सिनेमासाठी लिहिलं होतं. दुय्यम सिनेमासाठी एवढी हौस फॉक्स स्टुडिओने केली याचं आजही नवल वाटतं. तिसरा 'द केनेल मर्डर केस' (१९३३, ७३ मिनिटं). हा तसा निखळ 'बी' नाही, पण आतून कडी लावलेल्या खोलीतलं प्रेत हा प्रकार इतका नेटका क्वचितच सापडतो. चौथा 'द व्हिसलर' (१९४४). इथे डिटेक्टिव्ह नाही. शीळ वाजवणारी एक सावली गोष्ट सांगते. शेवटी 'स्ट्रेंजर ऑन द थर्ड फ्लोअर' (१९४०, ६४ मिनिटं), ज्याला फिल्म न्वारचा, म्हणजे सावल्यांनी भरलेल्या काळ्या वळणाच्या गुन्हेपटांचा, पहिला सिनेमा म्हणणारे बरेच आहेत.

हे पचले की मालिकांकडे वळा. युनिव्हर्सल स्टुडिओने काढलेल्या होम्सच्या १२ सिनेमांपैकी पहिले तीन दुसऱ्या महायुद्धाच्या प्रचाराचे आहेत, त्यांत होम्स नाझींच्या मागे धावतो. 'द स्कार्लेट क्लॉ' आणि 'द पर्ल ऑफ डेथ' (दोन्ही १९४४) आधी घ्या. चेस्टर मॉरिसचा 'बोस्टन ब्लॅकी' विनोदी अंगाने जातो. टॉर्ची ब्लेन ही वार्ताहर बाई मिनिटाला जितके शब्द बोलते तितके अनेक नायक अख्ख्या सिनेमात बोलत नाहीत. तिला इंग्रजी सबटायटलशिवाय हात लावू नका.

एक सावधगिरी. ओलंडचे चार चॅनपट आज अस्तित्वातच नाहीत: 'चार्ली चॅन कॅरीज ऑन' (१९३१), 'चार्ली चॅन्स चान्स' (१९३२), 'चार्ली चॅन्स ग्रेटेस्ट केस' (१९३३) आणि 'चार्ली चॅन्स करेज' (१९३४). कुणी 'पूर्ण सिनेमा' म्हणून यातलं काही दिलं तर ती बहुधा जुन्या फोटोंची जुळवाजुळव असते. पहिल्याची मात्र त्याच वेळी केलेली स्पॅनिश आवृत्ती 'एरान त्रेसे' शिल्लक आहे.

प्रत पारखणे

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. अमेरिकेत तेव्हा कॉपीराइट २८ वर्षांचा असे आणि अर्ज करून तो वाढवून घ्यावा लागे. अनेक छोट्या कंपन्या तोवर बुडाल्या होत्या किंवा कुणाला पर्वा नव्हती, म्हणून शेकडो सिनेमे सार्वजनिक मालकीचे झाले. होम्सच्या बारांपैकी चार असेच मोकळे झालेले आहेत: 'सीक्रेट वेपन', 'द वुमन इन ग्रीन', 'टेरर बाय नाइट' आणि 'ड्रेस्ड टू किल'. भारतात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनापासून ६० वर्षांचा. नव्याने केलेली सबटायटल्स किंवा संगीत यांचे हक्क मात्र वेगळे असू शकतात.

मोकळा सिनेमा म्हणजे कुणीही काढलेली कसलीही प्रत. यूट्यूबवर आणि इंटरनेट आर्काइव्हवर एकाच सिनेमाच्या पाच-सहा प्रती सहज सापडतात, आणि त्यांतल्या बऱ्याच टीव्हीसाठी काढलेल्या १६ मिलिमीटरच्या प्रिंटवरून आलेल्या असतात. फिल्मवरून फिल्म, त्यावरून पुन्हा फिल्म असं होत गेलं की दर वेळी काळं जास्त काळं आणि पांढरं जास्त पांढरं होतं. मधले करडे रंग मरतात. चेहरे चुना फासल्यासारखे दिसतात आणि काळा कोट मागच्या अंधारात विरघळतो. 'सगळा अंधार' ही तक्रार इथून येते. मूळ छायाचित्रणात त्या अंधारात खुर्ची असते, पडदा असतो, पडद्यामागे बूट असतात.

प्रत निवडताना या क्रमाने तपासा.

१. लांबी. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या कॅटलॉगमध्ये मूळ लांबी मिळते. एखाद्या मिनिटाचा फरक चालेल. ६५ मिनिटांचा सिनेमा ५३-५४ मिनिटांचा निघाला तर ती टीव्हीच्या एका तासात जाहिरातींसह बसवायला कापलेली प्रत समजा. रिपब्लिक या स्टुडिओच्या सिनेमांना अशी कात्री बरीच लागली. कापणारा माणूस मारामारी ठेवतो आणि संभाषण उडवतो, आणि रहस्यपटात धागेदोरे संभाषणातच असतात.

२. चारच टक्के कमी लांबी असेल, म्हणजे ६८ऐवजी ६५ मिनिटं, तर काही कापलेलं नाही. सेकंदाला २४ चौकटींचा सिनेमा पाल पद्धतीच्या (युरोपातल्या आणि आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या) डीव्हीडीसाठी २५ चौकटींनी पळवलेला आहे. आवाज थोडे चिरके होतात. व्हीएलसी प्लेअरमध्ये वेग ०.९६ करा आणि सेटिंगमधलं 'टाइम स्ट्रेचिंग ऑडिओ' बंद करा, म्हणजे वेगाबरोबर स्वरही मूळ जागी येतो.

३. फाइलचा आकार. तासाभराचा सिनेमा २३०-२५० एमबीचा असेल तर ती सेकंदाला साधारण ५१२ किलोबिटची जुनी फाइल आहे. फोनवर चालून जाते, टीव्हीवर अंधाराच्या जागी चौकोनी ठोकळे नाचतात. त्याच पानावर डाउनलोडच्या यादीत मोठी फाइल बहुधा असतेच, ती घ्या.

४. चार ठिकाणी उडी मारून बघा: पहिलं मिनिट, पहिल्या खुनाचा प्रसंग, मधला एखादा रात्रीचा प्रसंग आणि शेवटची दोन मिनिटं. सुरुवातीला स्टुडिओच्या चिन्हाऐवजी टीव्ही वितरकाची पाटी दिसली तर प्रिंट टीव्हीची. शेवटी संगीत अर्ध्यात तुटलं तर शेपूट गेलेली.

५. पत्र किंवा वर्तमानपत्राचा मथळा पडद्यावर येतो तिथे थांबवा. मजकूर वाचता येत नसेल तर ती प्रत बाद. या सिनेमांत निम्मी माहिती मथळ्यांतून दिलेली असते.

नावांचाही घोळ असतो. पुन्हा प्रदर्शित करताना नावं बदलत. १९४४चा 'ब्लॅक मॅजिक' हा चॅनपट 'मीटिंग ॲट मिडनाइट' या नावानेही फिरतो. आणि रंगवलेली आवृत्ती टाळाच. दुसरी मिळतच नसेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'कलर' शून्यावर आणा; पूर्ण मूळ रूप येत नाही, पण गुलाबी गालांचा होम्स तरी बघावा लागत नाही.

तुटल्यासारखं का वाटतं? थिएटरात प्रोजेक्टरवर एक रीळ साधारण २० मिनिटं चालायचं. रीळ संपताना पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो, साधारण सात सेकंदांनी दुसरा. पहिल्यावर ऑपरेटर दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर सुरू करी, दुसऱ्यावर बदल. रिळाची टोकंच सगळ्यात जास्त हाताळली जात, फाटत, जोडली जात. म्हणून वाक्य अर्धवट तोडून माणूस अचानक दारात उभा दिसतो ते बहुधा या ठिपक्यांच्या आसपास. ठिपका दिसला आणि लगेच उडी आली तर दिग्दर्शकाला दोष देऊ नका. दुसरी प्रत उघडून तेवढं अर्धं मिनिट बघून घ्या.

टीव्ही आणि खोली

१९३२नंतरची चौकट १.३७ला १ या प्रमाणाची, म्हणजे जवळजवळ चौकोनी. आजचा टीव्ही १६ला ९. साहजिकच दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणार. ४३ इंची टीव्हीवर चित्र साधारण ७३ सेंटिमीटर रुंद दिसतं आणि दोन्हीकडे ११-११ सेंटिमीटर काळं उरतं. घरातलं कुणीतरी रिमोट घेऊन ते 'भरून' टाकतंच. ताणून भरलं तर माणसं ३० टक्के जाड होतात. झूम करून भरलं तर उंचीचा जवळजवळ पाव हिस्सा जातो: वर टोप्या, खाली टेबलावरचा ग्लास. विषाचा ग्लास. रिमोटवर 'ओरिजिनल' किंवा '४:३' निवडा. कुणी आधीच कापून अपलोड केलेलं असेल तर त्यावर इलाज नाही, दुसरी प्रत शोधा. व्हीएलसीत 'ए' ही कळ दाबत गेलं की प्रमाण बदलतं.

पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' ठेवा. 'व्हिव्हिड'मध्ये पांढरं निळसर होतं आणि कृष्णधवल सिनेमा ट्यूबलाइटखाली बघितल्यासारखा दिसतो. कलर टेंपरेचर 'वॉर्म'. शार्पनेस शून्य किंवा जवळपास, नाहीतर टोप्यांच्या कडेला पांढरी रेघ उमटते. नॉइज रिडक्शन बंद, कारण ते फिल्मचे दाणे पुसता पुसता चेहऱ्याची त्वचाही पुसून मेणाचा पुतळा करतं. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद. प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते, पण नावात बहुतेक 'मोशन' असतं.

ब्राइटनेस आणि बॅकलाइट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्राइटनेसने काळ्याची पातळी ठरते, बॅकलाइटने पडद्याचा एकूण उजेड. रात्रीच्या प्रसंगात चित्र थांबवा. काळ्या कोटाची कॉलर मागच्या भिंतीपासून जेमतेम वेगळी दिसेपर्यंत ब्राइटनेस वाढवा. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या करड्या व्हायला लागल्या की एक पायरी मागे. 'द पर्ल ऑफ डेथ' याला उत्तम कसोटी आहे. त्यातला 'क्रीपर' (रोंडो हॅटन) बराच वेळ फक्त आकृती म्हणून दिसतो: रुंद खांदे, सावकाश पावलं, भिंतीवर सरकणारी सावली. पातळी फार खाली असेल तर काहीच दिसत नाही. फार वर असेल तर भिंत आणि सावली सारखीच करडी होतात आणि भीती उडून जाते.

खोलीतली ट्यूब बंद करा. मिट्ट काळोखही नको, डोळे दुखतात. टीव्हीच्या मागे एक मंद दिवा पुरतो.

आवाज

तेव्हाचा आवाज फिल्मच्या कडेला प्रकाशाने उमटवलेला, एकपदरी. जुन्या प्रिंटमध्ये सुमारे ८ किलोहर्ट्झच्या वर कामाचं फारसं काही उरत नाही, उरते ती सरसर. इक्वलायझरमध्ये ८ किलोहर्ट्झपुढचं ६ ते १० डेसिबलने खाली घ्या, १ ते ३ किलोहर्ट्झ दोन-तीन डेसिबलने वर, आणि १०० हर्ट्झच्या खालची घरघर कमी करा. सराउंड आणि बेस बूस्ट बंद. टीव्हीत 'क्लिअर व्हॉइस' असेल तर वापरून बघा. ओठ आणि शब्द जुळत नसतील तर व्हीएलसीत 'जे' आणि 'के' या कळांनी आवाज ५० मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी मागेपुढे करता येतो.

यंत्राने आपोआप केलेल्या सबटायटलवर पूर्ण विसंबू नका. नेमकी आडनावं ती चुकवतात, आणि एकाच माणसाची तीन नावं दिसली की संशयितांची संख्या फुकट वाढते.

काही शब्द कानांवर येतातच. 'डीए' म्हणजे जिल्ह्याचा सरकारी वकील, तिथे तो निवडणूक लढवून येतो, म्हणून त्याला घाई. 'थर्ड डिग्री' म्हणजे पोलिसी मारझोड. 'कॉरोनर' संशयास्पद मृत्यूची चौकशी करतो. मुंबईत हे पद नव्वदच्या दशकाच्या अखेरपर्यंत होतं, त्यामुळे जुन्या मुंबईकरांना शब्द नवा नाही. १९३३ अखेरपर्यंत अमेरिकेत दारूबंदी होती. त्याआधीच्या सिनेमात कुणी दार तीनदा ठोकून आत शिरला तर तो खुनी असेलच असं नाही, तहानलेलाही असू शकतो.

पहिली दहा मिनिटं आणि कागद

तासाभराच्या सिनेमात फुरसत नसते. पहिल्या दहा-बारा मिनिटांत सगळे संशयित, मृताशी त्यांचं वैर आणि बहुधा खुनाचं हत्यारही दाखवून होतं. चहा टाकायला नेमके याच वेळी उठलात तर पुढचा सिनेमा नुसत्या टोप्या घातलेल्या माणसांची ये-जा वाटेल. चहा आधी.

श्रेयनामावलीची पाटी आली की थांबवा. पात्रांची नावं असतील तर कागदावर उतरवा, आणि त्यापुढे तीन रकाने: मृताशी नातं, फायदा काय, दिवे गेले तेव्हा कुठे होता. एकच माणूस कुणासाठी 'मिस्टर कार्टर', बायकोसाठी 'जिम' आणि पोलिसांसाठी 'डॉक्टर' असतो. तिन्ही एका ओळीत लिहा. बाराव्या मिनिटाला पुन्हा थांबवून यादी पुरी करा. जोडीने बघत असाल तर डिटेक्टिव्ह सगळ्यांना एका खोलीत बोलावतो तिथे (बहुधा शेवटच्या दहा मिनिटांत) थांबा आणि प्रत्येकाने चिठ्ठीवर एक नाव आणि एक कारण लिहा. नुसतं नाव धरायचं नाही. नुसतं नाव सगळ्यांना बरोबर येतं.

कारण अंदाजाचे आडाखे सोपे आहेत. पंचेचाळिसाव्या मिनिटाच्या आत पकडलेला माणूस निर्दोष. लग्न करायला निघालेलं जोडपं निर्दोष. 'खुनी कोण ते मला ठाऊक आहे, पण फोनवर नको, घरी ये' असं म्हणणारा पाच मिनिटांत मरतो. बटलर बहुधा निर्दोष, त्यातून तो बेला लुगोसी असेल तर आणखीच. 'द गोरिला'मध्ये (१९३९) तो बटलरच आहे. भयपटातला गाजलेला चेहरा मुख्यतः पोस्टरवर नाव यावं आणि लोकांनी त्याच्याकडे बघत राहावं म्हणून घेतलेला असे. उलट, श्रेयनामावलीत बऱ्यापैकी वर नाव असलेला नट दोन प्रसंगांत सभ्यपणे बोलून गायब झाला तर त्याच्यावर लक्ष ठेवा. एवढा महाग माणूस उगाच कोण बोलावेल?

१ जुलै १९३४ नंतरच्या सिनेमांना प्रॉडक्शन कोड, म्हणजे हॉलिवूडची स्वतःची सेन्सॉर नियमावली, काटेकोर लागू झाला, म्हणजे गुन्हेगाराला शिक्षा होणारच. त्यामुळे 'सुटेल का' हा प्रश्न उरत नाही. 'कोण' आणि 'कसं' एवढेच राहतात. त्याआधीच्या सिनेमांत शेवट कमी ठरावीक असतो.

खटकणारं

चॅनचं काम करणारा ओलंड स्वीडनमध्ये जन्मलेला गोरा माणूस. त्याच्यानंतरचे सिडनी टोलर आणि रोलंड विंटर्स हेही गोरेच. थोरल्या मुलाचं काम करणारा की ल्यूक मात्र चिनी वंशाचा, आणि आज बघताना दोघांच्या प्रसंगात खरा जिवंतपणा त्याचाच जाणवतो. मोनोग्रामच्या चॅनपटांत मँटन मोरलँड या कृष्णवर्णीय विनोदी नटाला भेदरट ड्रायव्हरचं काम दिलंय. त्याचं टायमिंग अफलातून, भूमिका अपमानास्पद. दोन्ही एकदम खरं आहे. 'फँटम ऑफ चायनाटाउन' (१९४०) याच ओघात बघा. मिस्टर वाँग या चिनी डिटेक्टिव्हची भूमिका पाच सिनेमे कार्लोफने केल्यावर सहाव्यात ती की ल्यूककडे आली. सिनेमा साधाच, पण नायक बदलल्याने पोलीस इन्स्पेक्टरशी त्याच्या बोलण्याचा सूर कसा बदलतो ते बघण्यासारखं आहे.

स्वस्ताईच्या खुणा मात्र शोधून मजा घ्यावी अशा. 'डिटूर'मध्ये (१९४५) न्यूयॉर्कहून पश्चिमेला निघालेला नायक पडद्यावर उजवीकडून डावीकडे जावा म्हणून काही शॉट चक्क उलटे छापले. परिणाम असा की अमेरिकेतली गाडी आपल्यासारखी डाव्या बाजूने धावते आणि स्टीअरिंग उजवीकडे दिसतं. व्हीएलसीत 'ई' कळीने एकेक चौकट पुढे नेत बघा. 'चार्ली चॅन ॲट द ऑलिंपिक्स'मध्ये १९३६च्या बर्लिन स्पर्धेची खरी वृत्तचित्रं घातली आहेत, आणि हिंडेनबर्ग हे हवाई जहाजही. सिनेमा आला मे १९३७मध्ये, आणि त्याच महिन्यात ६ तारखेला हिंडेनबर्ग न्यू जर्सीत जळून खाक झालं होतं.

हात बसल्यावर एक जोडी लागोपाठ लावा, मधे दहा मिनिटांचं मध्यंतर. आरकेओ स्टुडिओने रहस्यकथाकार रेमंड चँडलरच्या एका कादंबरीचे हक्क घेतले आणि १९४२मध्ये तिचा तासाभराचा 'द फाल्कन टेक्स ओव्हर' काढला, फाल्कन या डिटेक्टिव्हच्या आपल्या चालू मालिकेत कोंबून. दोनच वर्षांनी त्याच स्टुडिओने तीच कादंबरी ९५ मिनिटांत 'मर्डर, माय स्वीट' म्हणून केली. आधी छोटा बघा. कागदावर प्रसंगांची यादी करा, मग मोठ्यात त्यावर खुणा करत जा. प्रसंग बरेचसे तेच निघतात. वाढलेला अर्धा तास कशात गेला ते तुमच्या यादीतल्या मोकळ्या जागा सांगतील.